कुंडीवाल्यांना खत न देणारे लिंबाजीमामा

खताच्या दुकानात खत मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला 'देत न्हाई' असं तोंडावर सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लिंबाजीमामा. पालमच्या मुख्य रस्त्यावर, एसटी स्टँडपासून जरा पुढे एक कृषी सेवा केंद्र आहे. तिथे ते तीस वर्षं कामाला होते. आधी पोती उचलायला, मग काउंटरवर. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना लागेल ते काढून देताना त्यांचे हात थांबत नसत. पण कुणी घरातल्या कुंडीसाठी मूठभर युरिया मागितला, की मामा चष्मा कपाळावर सारत आणि चौकशी सुरू करत. "कोणतं झाड हाय? कवा लावलं? पाणी किती घालता?" झाड कोरफडीचं निघालं की चौकशी तिथेच संपायची. "कोरफडीला खत? न्हाई देत. घरी जावा आन् आठ दिवस तिच्याकडं बगू नका."

मालक आतून ओरडायचे, "मामा, गिऱ्हाईक परत कामून लावायलात?" मामा मान न वळवता म्हणायचे, "शेतकऱ्याला आडवतो का मी? कुंडीवाल्यांला आडवतो. शेतात चुकलं तर जमीन पोटात घेती. कुंडीला पोट हाय का?"

मी पालमच्या शाळेवर बदलून आले, त्याच वर्षी माझी आई गेली होती. परभणीच्या घराच्या खिडकीत तिची एक कोरफड होती. सामान हलवताना ती कुंडी मी कुणाच्या हाती दिली नाही, एसटीत मांडीवर घेऊन बसले. पालमला भाड्याची एक खोली, मी आणि ती कोरफड. शाळेतून आले की तिचंच काहीतरी करत बसायचं. मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ दिसायचा आणि मी रोज नवं काही घालायची. चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, शेवटी पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत. दोन महिन्यांत पानांची टोकं तपकिरी पडली, बुंधा मऊ लागायला लागला, मातीवर मिठासारखा पांढरा थर आला. मला वाटलं, काहीतरी कमी पडतंय. म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कुंडी घेऊनच दुकानात गेले आणि म्हणाले, "मामा, हिला चांगल्यातलं खत द्या."

मामांनी कुंडी हातात घेतली. मातीत बोट खुपसलं, चिमूटभर माती दोन बोटांत चोळली. नाकाशी मात्र नेली नाही. तीस वर्षं खताच्या धुळीत काढून त्यांना वास येईनासा झाला होता, हे मला पुढे कळलं. मग त्यांनी विचारलं, "कुणाची हाय?"

"माझीच."

"तुमची न्हाई. तुमच्या हातची असती तर येवढं घातलं नसतं तुमी. कुणाची तरी जपायलात."

माझे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. काउंटरवर जुना पेपर पसरला, कुंडी आडवी करून दोनदा थोपटली आणि आईची कोरफड मातीसकट बाहेर काढली. मुळं काळी पडून गळत होती. मामांनी कात्रीनं सगळी सडकी मुळं छाटली, उरलेली पाण्यात खळबळून धुतली आणि ती उघडी कोरफड दुकानाच्या मागच्या फळीवर, सावलीत, कागदावर निजवली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय न्हाई. आठ दिवस आशीच ऱ्हाऊ द्या."

"मातीशिवाय? पाण्याशिवाय? मरेल ना ती!"

"सबूर करा बाई. उपाशी कोरफड मरत न्हाई. तुमी चारून चारून मारायला लागला होता तिला. हिला खुराक नको, भूक पायजे. जखम वाळू द्या, भूक लागू द्या, मग बगू."

ते आठ दिवस मी रोज शाळेतून येताना दुकानासमोरून चक्कर मारत असे. मामा आतूनच हात हलवून 'जावा' म्हणत. नवव्या दिवशी त्यांनी निम्मी माती, निम्मी जाड वाळू घेऊन ती कोरफड लावून दिली आणि दम भरला, "होळीपस्तोर एक कण घालायचा न्हाई. होळी झाली की मी स्वतः येतो." आणि खरंच आले. आदल्या दिवशी मला साधं पाणी घालायला लावलं. "कोरड्या मातीत खत घातलं की मुळं जळतेत." दुसऱ्या दिवशी पिशवीतून शेळीच्या वर्षभर वाळलेल्या लेंड्यांचा चुरा काढला, तांब्याभर पाण्यात एक चिमूट टाकला, ढवळून तासभर ठेवला आणि वरचं निवळ पाणी बिनदुधाच्या फिक्क्या चहासारखं झालं, तेव्हा अर्धा पेला घातलं. "झालं. वर्षाचं झालं. लयच जीव तुटला तर पाऊस सरल्यावर येकदा, याच्याहून पातळ. थंडीत न्हाई म्हणजे न्हाई. थंडीत ती निजती. निजलेल्याला कुणी जेवू घालतं का?"

मी म्हणाले, "मामा, कोरफडीचं तुम्हाला किती कळतं!"

ते हसले. "मला काय कळतंय! मास्तर घरात हाय माझा."

तो मास्तर म्हणजे मामी. मामांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पूर्वेच्या खिडकीत, फळीवर, चुलीमागच्या कोनाड्यात तेलाच्या रिकाम्या डब्यांत कोरफडीच कोरफडी दिसल्या. गल्लीत कुणाला भाजलं, कुणाला कापलं की पान मागायला इथेच यायचं. मामी बसा म्हणाल्या आणि चहा टाकता टाकता त्यांनी नवऱ्याची जुनी कागाळी मला सांगितली. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, मामा नुकते दुकानात लागले होते. पोती फुटून खाली सांडलेलं खत झाडून, पुडीत बांधून त्यांनी घरी आणलं. बायकोला कोरफडीचा नाद, तिला खूश करावं म्हणून ती घरात नसताना सगळ्या डब्यांत मूठमूठ टाकलं.

"येका हप्त्यात बारा डबे जाळले बाई ह्यांनी," मामी म्हणाल्या. "माझ्या मायनं माझ्यासंगं दिलेली रोपं होती ती. म्या दोन महिने बोलले न्हाई ह्यांच्यासंगं."

मामा खाली मान घालून चहा पीत होते. म्हणाले, "तवापसून कुंडीला खत मागणारा माणूस दिसला की मला माझंच तोंड दिसतंय."

मामांचं घराणं मेंढरं राखणारं. लहानपणी वडिलांमागे रानोरान हिंडले, चौथीनंतर शाळा सुटली. पण लेंडी हातात घेऊन ती शेळीची की मेंढीची, किती महिन्यांची, पावसात भिजलेली की सावलीत वाळलेली, हे ते सांगत. बायकोला मात्र कधी नावानं हाक मारत नसत. आमची मंडळी, घरची, नाहीतर नुसतं 'ऐकलं का'. त्या पिढीत सगळ्यांचंच तसं. मला मामींचं नाव माहीत झालं, तेही रेशनकार्डाचा अर्ज भरून देताना. सत्यभामा.

पालममधलं माझं तिसरं वर्ष. डिसेंबरात एका सकाळी मामा दुकानात पोत्यांच्या थप्पीवरून उतरले आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. मालकांनी स्वतःच्या गाडीतून नांदेडला नेलं. जीव वाचला. पण उजवा हात आणि उजवा पाय गेल्यासारखा झाला, आणि बोलणं बंद झालं. डॉक्टरांनी मामींना समजावलं होतं, "ह्यांना कळतं सगळं. शब्दही आत आहेत. बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. सराव केला तर उघडेल. किती उघडेल, सांगता येत नाही."

महिन्याभरानं ते घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. खाटेवर उशांना टेकून बसले होते. भोवती पाहुणे, आणि कोनाड्यात सफरचंदं, नारळ, शक्तीच्या पावडरीचे डबे, कुणी आणलेले डिंकाचे लाडू. प्रत्येकजण काहीतरी भरवत होता आणि मामा तोंड मिटून मान हलवत होते. त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी ओठ हलवले की चार माणसं एकदम अंदाज बांधायची. "पाणी पायजे? पाय चेपू? उन्हात न्यावं का?" मामा डोळे मिटून घ्यायचे.

मला वाटलं, आपण शिक्षिका. पहिलीच्या मुलांना बोलतं करतो, तर मामांना का नाही? दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायला लागले. जाताना पहिलीच्या वर्गातले शब्दांचे पत्ते नेले. पाणी, चहा, घर, झाड, गाय. रोज पन्नास शब्द करायचे असं ठरवलं. एक शब्द अडला की मी पुढचा दाखवायची, तो अडला की त्याच्या पुढचा. मामांच्या कपाळावर घाम यायचा, तोंडातून नुसता घोगरा आवाज. चौथ्या दिवशी मी नवा गठ्ठा काढला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तो माझ्या हातातून हिसकावला आणि भिंतीवर फेकला. मामांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी घाबरून उठले. त्यांनी डाव्या हातानं बसायची खूण केली. मग खाटेशेजारचा तांब्या दाखवला, अंगठा आणि बोट जुळवून चिमूट केली, ती तांब्यावर धरली आणि सोडली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तसंच केलं. मला कळेना. दारात उभ्या मामी पदरानं हात पुसत म्हणाल्या, "बाई, पातळ करा म्हणायलेत. लय झालं त्येंला."

मी सगळे पत्ते गोळा करून पिशवीत टाकले. मला त्या क्षणी कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. आईच्या कोरफडीला जे केलं, तेच मी या माणसाला करत होते, आणि तेही त्याच मायेनं.

"मामा, एकच शब्द घेऊ," मी म्हणाले. "जितके दिवस लागतील तितके दिवस. कोणता घ्यायचा ते तुम्ही सांगा."

त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि मामींकडे केलं.

मी पाटीवर 'मामी' लिहिलं. नाही. 'मंडळी' लिहिलं. नाही. शेवटी मी 'सत्यभामा' लिहिलं आणि मामांनी मान डोलावली. मामींनी पदर तोंडाला लावला. "येडे झालेत का तुमी! आता ह्या वयात नाव घेतेत का आसं? बाई, त्येंला पाणी म्हणायला शिकवा, पाणी!"

मीही म्हणाले, "मामा, अवघड आहे हो. नुसतं भामा करू." मामांनी चार बोटं वर केली. स, त्य, भा, मा. चारही. एकही कमी नाही.

मग रोज तेवढंच. 'स' पाचव्या दिवशी आला. 'त्य' काही येईना. जीभ टाळूला लागायची आणि तिथेच चिकटायची. "सत्… सत्… सत्…" गल्लीतून जाणारी माणसं थांबून बघत. कुणीतरी म्हणालं, "मामा, ऱ्हाऊ द्या की, आराम करा." मामांनी तिकडे नजर टाकली आणि पुन्हा सुरू केलं. मी मध्ये बोलायचं नाही, शब्द पुरवायचा नाही, असं त्यांनी मला खुणेनं बजावलं होतं. गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

हाताचंही तसंच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसानं दाबायला रबरी चेंडू दिला होता. मामांनी तो बाजूला ठेवला आणि मामींकडून परातभर वाळलेल्या लेंड्या मागवून घेतल्या. उजव्या मुठीत एक लेंडी धरायची आणि फोडायची. पहिल्या दिवशी ती मुठीतही राहिली नाही, घरंगळून खाटेखाली गेली. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून ते तिच्याभोवती मिटवायचे. आठवड्यानं मूठ धरायला लागली. तीन आठवड्यांनी पहिली लेंडी फुटली. मामांनी तो चुरा तळहातावर घेऊन मला दाखवला, जणू दहावीचा निकाल दाखवावा. त्यांचा हिशोब मला आता कळला. होळीनंतर कोरफडींना वर्षाचा खुराक द्यायचा होता, आणि तो दरसाल मामाच देत. जळालेल्या बारा डब्यांनंतर मामींनी स्वतःहून ते काम त्यांच्याकडे दिलं होतं.

होळी झाली. खुराकाच्या आदल्या दिवशी मामींनी सगळ्या डब्यांना साधं पाणी घातलं. मी रविवार म्हणून सकाळीच गेले होते. उन्हं खिडकीतून आत आली होती. मामा काठी टेकत, भिंतीला धरत, पाच पावलांची वाट दहा मिनिटांत चालून फळीपाशी आले आणि स्टुलावर बसले. बादलीत त्यांनीच फोडलेल्या लेंड्यांचं निवळ पाणी तयार होतं. डाव्या हातानं ते पेला भरत आणि थरथरत्या उजव्या हाताचा आधार देऊन डब्यात ओतत. निम्मं बाहेर सांडायचं. सांडलं की पुन्हा भरायचं. मामी चुलीपाशी भाकरी थापत होत्या आणि मुद्दाम इकडे बघत नव्हत्या.

सातव्या की आठव्या डब्याला उजवा हात अचानक झटका खाऊन सुटला. पेला डब्यावर आदळला आणि डबा फळीवरून खाली. माती घरभर, कोरफड उलटी, मुळं वर. आवाजासरशी मामी पिठाच्या हातांनी धावल्या. मीही उठले. मामींनी खाली वाकून कोरफडीला हात घातला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"सत्यभामा. थांब."

घोगरा, जड, पण चारही अक्षरं स्पष्ट. मामी वाकलेल्याच थांबल्या. मग हळूच उभ्या राहिल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या. "थांबले," एवढंच म्हणाल्या.

मामा स्टुलावरून खाली उतरून जमिनीवर बसले. डाव्या हातानं डबा सरळ केला, उजव्या हाताचा तळवा झाडूसारखा वापरून माती गोळा केली, मूठमूठ डब्यात भरली, कोरफड सरळ धरली, भोवती दाबली. पाव तास लागला असेल. आम्ही दोघी भिंतीला टेकून नुसत्या उभ्या होतो. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते पाठीमागे धरून ठेवले. शेवटी मामांनी डबा मामींकडे सरकवला. मामींनी तो उचलून फळीवर ठेवला, तेव्हा कुठे चुलीकडचा वास आम्हाला आला.

"करपली की भाकर!" मामी धावल्या. तव्यावरून काळी भाकरी काढता काढता म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत नाव घेतलं, तेबी दटावायला." आणि पाठ करून डोळे पुसले. धुरानं, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर शब्द येत गेले. भराभर नाही. एक आला की तो पक्का करायचा, मग दुसरा. पावसाळ्यात मामा काठी घेऊन दुकानात अर्धा दिवस बसायला लागले. मालकांनी खुर्ची ठेवली होती. पोरंसोरं, बाया, शेतकरी समोर उभे राहायचे आणि मामांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचे. मध्येच कुणी वाक्य पुरं करायला गेलं, तर मामा सगळं पहिल्यापासून सुरू करायचे. त्यामुळे लोक लवकर शिकले.

पुढच्या वर्षी माझी बदली जिंतूर तालुक्यात, बोरीजवळच्या शाळेवर झाली. निघायच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या घरी जाऊन निरोप घेतला होता. पण परभणीच्या गाडीत बसले तर खिडकीखाली मामा उभे. घरापासून स्टँडपर्यंत एकटे चालत आले होते. मागे वीसेक पावलांवर मामी होत्या, आणि तेवढं अंतर त्यांना मामांनीच ठेवायला लावलं होतं, हे उघड दिसत होतं.

मामांनी डावा हात खिडकीच्या गजावर ठेवला. तोंड उघडलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. कंडक्टरनं बेलच्या दोरीला हात घातला, मामांकडे पाहिलं आणि दोरी न ओढता तसाच उभा राहिला.

"बाई," मामा म्हणाले. बराच वेळ गेला. "पोचल्यावर… फोन… करा."

"करते मामा. मामींना करते."

त्यांनी जोरात नकाराची मान हलवली. आजारपणापासून मामांनी फोन कधी घेतला नव्हता. समोरचा माणूस ओठांची धडपड बघतो, म्हणून थांबतो. फोनवर ती धडपड दिसत नाही. मामा गप्प झाले की पलीकडचा हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो. दोनदा तसं झाल्यावर त्यांनी फोनला हातच लावला नव्हता.

"मला," ते म्हणाले. "मी… उचलतो. मी… बोलतो."

गाडीतली माणसं बघत होती. कुणी घाई केली नाही. मामांनी गजावरचा हात काढला, कंडक्टरकडे बघून मान डोलावली आणि गाडी निघाली.

बोरीला पोचेपर्यंत चार वाजले. खोली उघडली, पिशव्या खाली ठेवल्या आणि पहिला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला. पलीकडे शांतता. जड श्वास. काठी कुठेतरी टेकवल्याचा आवाज. 'हॅलो' म्हणायला माझी जीभ वळवळत होती. ओठ घट्ट मिटून मी फोन कानाशी धरून उभी राहिले. मिनिट गेलं असेल, जास्तच.

"हां, बाई," मामा म्हणाले. "पोचल्या… का?"

"पोचले मामा," मी म्हणाले, आणि पुन्हा गप्प झाले. त्यांना अजून पुढचं वाक्य बोलायचं होतं.